चूल आणि चिमणी

“आजी विडी ओढायच्या का?”

नागपूरच्या डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मला हसू आलं आणि सासूबाईंना राग आला. २०१३ सालची गोष्ट आहे. पंचाहत्तर वर्षांच्या माझ्या सासूबाई पाणी गाळल्याशिवाय प्यायच्या नाहीत, सूर्य मावळल्यावर तोंडात पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. त्यांना कुणी विडीचं विचारावं! पण डॉक्टर गंभीर होते. छातीचा फोटो त्यांच्या हातात होता आणि फुंकायच्या यंत्रात सासूबाईंचा श्वास निम्म्यावरही पोचला नव्हता. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, “चुलीवर स्वयंपाक किती वर्षं केला?”

आम्ही दोघींनी बोटांवर हिशेब केला. दहाव्या वर्षी आईच्या हाताखाली चुलीपुढे बसल्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन पांढुर्ण्याला आल्या, म्हणजे १९५४. घरात गॅस आला १९८७ साली. जवळजवळ चाळीस वर्षं झाली. त्यानंतरही न्हाणीघरातला बंब लाकडावरच पेटायचा आणि तो पेटवायचं काम त्यांचंच. डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, “विडी न ओढताही विडी ओढणाऱ्याची छाती झाली आहे.”

परतताना सावनेरच्या रस्त्याला लागलो, कोराडीच्या चिमण्या दिसल्या. सासूबाईंनी खिडकीतून वर पाहिलं आणि म्हणाल्या, “त्यांचा धूर पाहा किती उंच जाते. माह्या चुलीचा धूर तर नाकासमोरच राहिला.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. बी.ए.ला माझा इतिहास हा विषय होता. राजे, लढाया, तह, सनावळ्या सगळं पाठ केलं. धुराचाही इतिहास असतो, त्यातही कुणाच्या धुराची नोंद होते आणि कुणाच्या होत नाही, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं. ते मी पन्नाशीच्या आसपास शिकले. वर्तमानपत्रात शहरातल्या हवेच्या बातम्या येतात, दिल्लीचे फोटो येतात, आपण म्हणतो, बरं झालं आपण छोट्या गावात आहोत. खरंच बरं झालं का, ते पाहू.

माझं माहेर सौंसर. आमच्या भागात कापूस पिकतो, तूर पिकते, संत्री पिकतात. कापूस वेचून झाला की उभ्या पऱ्हाट्या उपटून बैलगाडीने घरी यायच्या. परसात त्यांचा ढीग, शेजारी तुराट्यांचा ढीग, भिंतीला गोवऱ्यांची रास. हे आमचं वर्षाचं इंधन. पऱ्हाटी भडकन पेटते आणि भडकन विझते, म्हणून चुलीपुढून उठायची सोय नाही. पावसाळ्यात ती ओली असली की पेटण्याऐवजी धुमसते. मग हातात फुंकणी घ्यायची आणि गाल दुखेपर्यंत फुंकायचं. फुंकताना माणूस आधी खोल श्वास घेतो. तो कुठली हवा घेतो, तर चुलीपुढचीच. एवढी साधी गोष्ट, पण आमच्या कुणाच्या ध्यानात आली नाही.

आपल्या घरांत एक रीत होती, अजूनही काही घरांत आहे. लाकूड किंवा गोवरी चुलीत घालण्याआधी झटकायची, उलटून पालटून पाहायची, एखादी मुंगी, एखादा किडा असेल तर त्याला बाजूला करायचं. आजी सांगायची, “आपल्या पोटासाठी दुसऱ्याचा जीव जळू नये.” मी लहानपणी किती मुंग्या वाचवल्या असतील! पण त्याच चुलीपुढे माझ्या आजीचे डोळे सतत लाल असायचे, ती पहाटे खोकायची, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. मुंगीला आम्ही जपलं. आजीला जपायचं कुणाला सुचलं नाही, तिला स्वतःलाही नाही.

सौंसरला काही घरांत दगडी कोळशाची सिगडी होती. आमच्या छिंदवाड्याच्या वरच्या अंगाला, परासियाकडे, पेंच-कन्हानच्या कोळशाच्या खाणी आहेत, त्यामुळे कोळसा अगदीच परका नव्हता. सिगडी घरात पेटवायची नाही. ओट्यावर, गल्लीत ठेवून पेटवायची, पिवळा-काळा धूर निघून जाऊ द्यायचा, निखारे लाल झाले की उचलून आत आणायची. आपला धूर गल्लीला द्यायचा आणि निखारा आपण ठेवायचा. आता विचार करते तर वाटतं, सगळ्या कारखान्यांनी, सगळ्या गाड्यांनी पुढे हेच केलं.

हिवाळ्यात संध्याकाळी पाच वाजताच आमच्या गल्लीत धूर दिसायचा, कारण दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपायची असत. तो धूर वर जायचा नाही. कौलांच्या थोडा वर चादरीसारखा आडवा पसरायचा. आम्ही पोरी त्याला ढग म्हणायचो. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. एरवी जमिनीलगतची हवा तापते, हलकी होते, वर जाते आणि धूर घेऊन जाते. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड, जड होते आणि वर मात्र त्याहून उबदार हवेचा थर असतो. खालची हवा त्या थराखाली कोंडली जाते, भांड्यावर झाकण ठेवावं तशी. वारा नसला की सगळा धूर झाकणाखालीच राहतो. दिल्लीत असो की सौंसरात, हिवाळ्यात हवा बिघडण्याचं एक मोठं कारण हेच.

आमच्या गावातून छोटी लाइन जायची. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही लाइन झाली, बंगाल नागपूर रेल्वेने बांधली. त्याआधीच पेंच खोऱ्यातल्या खाणींच्या दिशेने छोटे रूळ टाकले गेले होते, कारण कोळसा जागच्या जागी काय कामाचा! लहानपणी मामाकडे जाताना खिडकीत बसायची हौस, आणि घाट चढताना इंजिन जोर लावू लागलं की कोळशाचा कण डोळ्यात गेलाच समजा. आई पदराची सुरळी करून, त्यावर तोंडाची वाफ देऊन डोळ्याला लावायची. पांढरा फ्रॉक घालून गाडीत बसायचं नाही, हा नियम होता. ती लाइन २०१५च्या नोव्हेंबरअखेर बंद झाली, आता ब्रॉडगेज आहे. पांढुर्ण्याची मोठी लाइन, इटारसी-नागपूरची, १९२०च्या दशकातली. तिच्यावरही सुरुवातीला कोळशाचीच इंजिनं होती.

रेल्वेबरोबर कापसाचा धंदा वाढला. सौंसर आणि पांढुर्णा दोन्हीकडे सरकी काढायच्या जीन इंग्रजांच्या काळापासून आहेत. जीनमध्ये कापसाची बारीक तंतूधूळ उडते. तिथे कापूस निवडायला, झाडायला बहुतेक बायाच असायच्या, केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर पांढरी धूळ घेऊन घरी यायच्या. घरी येऊन पुन्हा चूल पेटवायच्या.

आपल्या भागातला कापूस पुढे नागपूरला जायचा. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच्या वीसेक वर्षं आधी, १८५६ साली, मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी चालू झाली होती. एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या आणि गिरणगावावर चिमण्यांचं रान उगवलं. त्या काळी धूर निघणारी चिमणी म्हणजे भरभराट, असंच सगळ्यांना वाटायचं. धूर थांबला म्हणजे काम थांबलं, काम थांबलं म्हणजे चूल थांबली.

तरी त्रास व्हायचा तो झालाच. धुराविरुद्ध आपल्या देशात कायदे काही काल-परवा झालेले नाहीत. बंगालमध्ये १९०५ साली आणि मुंबईत १९१२ साली धुराच्या उपद्रवाचे कायदे झाले. त्या काळी धूर कसा मोजायचे ते वाचून मला गंमत वाटली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत वाढत जाणाऱ्या रंगाच्या चौकटी छापलेला एक तक्ता होता, रिंगेलमन नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने काढलेला. तो डोळ्यासमोर धरून चिमणीच्या धुराचा रंग त्याच्याशी ताडून पाहायचा. काळा धूर वाईट, पांढरा चालेल. जे दिसतं तेवढंच मोजायचं. आणि काय दिसतं? उंच चिमणी दिसते. हे कायदे भट्ट्यांसाठी, बॉयलरसाठी होते. घरातली चूल त्यांच्या कक्षेत नव्हती, आणि चुलीपुढे बसलेली बाई तर नव्हतीच.

घराच्या धुराकडे सरकारचं लक्ष जायला लंडनमध्ये माणसं मरावी लागली. ५ ते ९ डिसेंबर १९५२ असे पाच दिवस लंडनवर धुराचं दाट धुकं बसलं. तेच ते झाकण. थंडी फार होती म्हणून घरोघर शेकोट्यांमध्ये कोळसा जास्त जाळला जात होता, त्यात वीजघरांचा धूर मिसळला. रस्त्यावर स्वतःचे पाय दिसेनात. तेव्हा सुमारे ४ हजार माणसं दगावल्याचं मानलं गेलं. पुढच्या संशोधकांनी हा आकडा १२ हजारांपर्यंत नेला. त्यावर १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. या कायद्याची मला आवडलेली गोष्ट अशी, की त्यात फक्त दंड नव्हता. घरातली शेगडी बदलून बिनधुराची करायला जो खर्च येईल, त्याचा मोठा वाटा सरकारने आणि नगरपालिकांनी उचलला. धूर बंद कर म्हणताना, मग कशावर रांधू, या प्रश्नाचं उत्तरही दिलं.

आपल्याकडे हा प्रश्न पहिल्यांदा मांडणाऱ्यांत एक बाई होती, हे प्रत्येकीला ठाऊक असावं असं मला वाटतं. डॉक्टर एस. पद्मावती. भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ. दिल्लीत त्यांच्याकडे अशा रोगी बाया यायच्या, ज्यांची फुप्फुसं खराब होऊन त्याचा ताण हृदयावर आला होता. हा रोग दुसऱ्या देशांत प्रामुख्याने पुरुषांचा, धूम्रपान करणाऱ्यांचा मानला जायचा. इथे बायांचं प्रमाण पुरुषांइतकंच, वयही कमी, आणि त्यातल्या बहुतेक विडी-सिगारेट ओढणाऱ्या नव्हत्या. १९५९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे छापून जगापुढे ठेवलं आणि घरातल्या धुराकडे बोट दाखवलं. १९५९! तेव्हा माझ्या सासूबाई एकवीस वर्षांच्या होत्या, पांढुर्ण्यात चुलीपुढे बसल्या होत्या, आणि पुढची अठ्ठावीस वर्षं बसायच्या होत्या. ज्ञान होतं, पण ते दिल्लीहून पांढुर्ण्याला यायला चोपन्न वर्षं लागली. आणि माझ्या घरी आलं ते एका प्रश्नाच्या रूपात, आजी विडी ओढायच्या का.

१९८१ साली कर्क स्मिथ नावाचे एक अमेरिकन संशोधक आणि त्यांचे भारतीय सहकारी गुजरातच्या खेड्यांत गेले. रांधणाऱ्या बायांच्या अंगावर हवा मोजायचं लहान यंत्र लावलं. स्वयंपाक चालू असताना एका घनमीटर हवेत धुराचे कण हजारो मायक्रोग्रॅम निघाले. शहराच्या रस्त्यावर त्याच्या काही भागालाही आरडाओरडा झाला असता. पण स्वयंपाकघरात कोण ओरडणार!

उपाय झालेच नाहीत असं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या माणसांनी धुराडं असलेली मगन चूल तयार केली. १९८३ साली सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. आमच्या गल्लीतही दोन घरांत तसल्या चुली बसल्या. वर्षभरात एकीचं धुराडं काजळीने चोंदलं, दुसरीत मोठं भांडं बसेना. पुन्हा जुनीच चूल सुरू. इंडेनचं पहिलं सिलिंडर १९६५ साली कलकत्त्यात मिळालं. आमच्यासारख्या लहान गावांत नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना निघाली आणि गरीब घरांतल्या बायांच्या नावावर गॅसची जोडणी मिळू लागली. धुराच्या इतिहासात ही मोठी घटना आहे, यात शंका नाही. पण माझ्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींना मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “गॅस हाये ना बाई, पण तो पाहुणे आल्यावर. रोज पेटवला तं टाकी भरायले पैसे कुठून आणू? पऱ्हाट्या फुकट भेटतात.” जोडणी एकदाच मिळते, टाकी पुन्हा पुन्हा भरावी लागते. लंडनचा खर्च एकदाचा होता, हिचा दर महिन्याचा आहे.

आता बाहेरच्या धुराकडे वळू. १९७४ साली कोराडीचं वीजघर सुरू झालं. त्याच वर्षी नागपूरच्या संशोधन संस्थेला ‘नीरी’ हे नाव मिळालं. संस्था १९५८ सालची, पण आधी तिचं मुख्य काम पिण्याचं पाणी आणि सांडपाणी हे होतं. पुढे हवाही आली. १९८१ साली देशाने हवेच्या प्रदूषणाचा कायदा केला. तो कागदावर येऊन तीन वर्षं झाली होती, आणि २ डिसेंबर १९८४ची रात्र आली.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. भोपाळ आमची राजधानी. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि झोपेत असलेली हजारो माणसं गेली. सौंसरला आठवडाभर दुसरं बोलणंच नव्हतं. ओलं फडकं तोंडावर धरलं असतं तरी बरेच वाचले असते, असं मोठी माणसं म्हणायची. मग आई रात्री उशाशी पाण्याचा तांब्या आणि पंचा ठेवू लागली. दीडशे मैलांवरच्या वायूची भीती आम्हाला वाटली, आणि सकाळी उठून तीच आई त्याच चुलीत ओल्या तुराट्या फुंकायला बसली. एका रात्रीत मारणारा वायू सगळ्यांना दिसतो. चाळीस वर्षं घेऊन मारणारा दिसत नाही. भोपाळनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा मोठा कायदा झाला.

मुंबईत चेंबूरला कारखान्यांमुळे लोक ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले होते. मग कारखान्यांपेक्षा गाड्यांचा धूर वरचढ झाला. १९९९ साली मुंबईच्या धुराने त्रासलेल्या रहिवाशांनी उच्च न्यायालयात धाव घेतली आणि पुढे जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. दिल्लीच्या बसही सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाने सीएनजीवर आल्या. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल मिळू लागलं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. १ एप्रिल २०२०पासून भारत सहा दर्जाच्या गाड्या आल्या, त्यांच्या इंधनात गंधक फारच कमी असतं. म्हणजे सुधारणा होतात. कुणीतरी त्रासलेला माणूस उठतो, अर्ज करतो, कोर्टात जातो, तेव्हा होतात.

काळा धूर डोळ्यांना दिसतो म्हणून तक्ता धरून मोजायचे, असं वर म्हटलं. आता कळलंय की खरा वैरी न दिसणारा आहे. केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन. अडीच मायक्रॉनहून बारीक कण नाकातल्या केसांना, घशातल्या ओलाव्याला चुकवून थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, त्यातले काही रक्तातही उतरतात. म्हणून धुराने फक्त खोकला होतो असं नाही. हृदयविकार, पक्षाघात, दमा, गरोदर बाईच्या बाळाचं वजन कमी भरणं, हे सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने बाहेरच्या दूषित हवेला कर्करोगाचं कारण म्हणून जाहीर केलं. या बारीक कणांची वर्षाची सरासरी आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटना २०२१पासून म्हणते, ५च्या वर नको.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला नवा जिल्हा झाला. गोटमारीपलीकडे आपलं नाव निघालं, आनंद झाला. आता कचेऱ्या येतील, रस्ते रुंद होतील, इमारती होतील, गाड्या वाढतील. हायवेवर ट्रकांची रांग आताच संपत नाही, बोरगावला कारखाने आहेत, बांधकामाची धूळ घराघरात येते. देशाने २०१९ साली स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, त्याच्या यादीत भोपाळ, इंदूर, नागपूर, चंद्रपूर आहेत. पांढुर्णा, सौंसर नाही. यादीत नाव नाही म्हणजे हवा चांगली असं नव्हे. सासूबाईंचंही नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

आता माझं स्वतःचं सांगते. सांगायला लाज वाटते, पण लिहायला बसलेच आहे तर सांगते.

आमच्या परसात कडुलिंब आणि पेरू आहे. रोज सकाळी अंगण झाडायचं, पाला एका कोपऱ्यात गोळा करायचा, त्यात घरातला कागद, दुधाच्या पिशव्या, गोळ्यांची पाकिटं टाकायची आणि काडी लावायची. कितीतरी वर्षं मी हे केलं. मला ते स्वच्छतेचं काम वाटायचं. नागपूरहून सासूबाईंचं निदान घेऊन आले, पुस्तकं वाचू लागले, तरी काडी लावणं चालूच होतं. एक दिवस शेजारच्या काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, “वहिनी, राग मानू नका. तुमचा कचरा पेटला की आमच्या नातवाला पंप घ्यावा लागते.” पोरगा सहा वर्षांचा. त्यांनी हे सांगायला किती दिवस धीर गोळा केला असेल! आणि घरात माझ्या सासूबाई, त्याच धुरात, खिडकीशी खुर्ची टाकून बसलेल्या. त्यांनी कधीच तक्रार केली नाही. धुराबद्दल तक्रार करायची असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

मी सिगडीचंच करत होते. माझा धूर गल्लीला देत होते. प्लास्टिक जळताना जे विषारी वायू निघतात, त्यात डायऑक्सिनसारखी विषं असतात. अशा उघड्यावरच्या कचरा जाळण्याला डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, दंड ठेवला. ते प्रकरण अलमित्रा पटेल नावाच्या एका अभियंता बाईंनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात सुरू केलं होतं. वीस वर्षं त्या लढल्या. मला तर फक्त काडीपेटी खाली ठेवायची होती.

आपल्या धर्मात हवेला जीव मानलं आहे. वायुकाय, अग्निकाय आपण लहानपणी पाठशाळेत शिकलो. श्रावकाने करू नयेत अशा पंधरा धंद्यांची यादी जुन्या ग्रंथांत आहे. त्यात पहिलंच अंगारकर्म आहे, म्हणजे कोळसे पाडणं, भट्ट्या लावणं. रान पेटवून देणं हेही त्यात आहे. आपल्या पूर्वजांनी हे धंदे जीवदयेसाठी वर्ज्य केले, हवेच्या शास्त्रासाठी नाही, हे मला कळतं. उगाच जुन्या ग्रंथांत नवं विज्ञान शोधू नये. पण जी शिकवण पऱ्हाटी झटकून मुंगी वाचवायला सांगते, ती शेजारच्या नातवाची छाती वाचवायला सांगत नसेल का?

दिवाळीच्या अमावस्येला पहाटे आपण मंदिरात निर्वाण लाडू चढवतो. त्या पहाटे रस्त्यावर आदल्या रात्रीच्या फटाक्यांचा धूर खाली बसलेला असतो, तेच झाकण. एके वर्षी सासूबाईंना मंदिराच्या पायऱ्या चढता आल्या नाहीत, अर्ध्यावर बसल्या. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी विषय काढला. काही जणी म्हणाल्या, पोरांचा सण आहे, त्यांना काय सांगायचं. एक म्हणाली, तुमच्या मुलांनी मोठे होईपर्यंत फोडले, आता आमच्या मुलांना नको म्हणता. बरोबर होतं तिचं. मी कबूल केलं. मग ठरलं ते एवढंच: मंदिराच्या गल्लीत फटाके नाहीत, आणि कुणाच्याही परसात प्लास्टिक पेटणार नाही. पाल्यासाठी आमच्याकडे एक खड्डा खणला. वर्षाने त्यातून काळंभोर खत निघालं, पेरूच्या झाडाला घातलं. मावशींच्या टाकीसाठी आम्ही चार घरं मिळून दर दोन महिन्यांनी पैसे देतो. याने जिल्ह्याची हवा बदलणार नाही, हे मला ठाऊक आहे. ट्रक, कारखाने, वीजघरं यांचं उत्तर सरकारला द्यावं लागेल, आणि ते मागण्यासाठी अर्ज करावे लागतील. पहिला अर्ज आम्ही केला आहे, नव्या जिल्ह्यात हवा मोजायचं यंत्र बसवावं म्हणून. त्यावर अठरा बायांच्या सह्या आहेत.

सासूबाई २०१७च्या जानेवारीत गेल्या. शेवटचे दोन महिने ऑक्सिजनची नळी होती. एका रात्री त्यांनी नळीकडे बोट दाखवून विचारलं, “हे हवेचे पण पैसे लागतात का?” मी हो म्हटलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मग जी फुकट आहे, ती नीट ठेवा.”

त्यांची लोखंडी फुंकणी मी टाकली नाही. स्वयंपाकघरात गॅसच्या ओट्याच्या वर खिळ्याला टांगली आहे. नातसून परवा आली होती, तिने विचारलं, “ही बासरी आहे का?” मी तिला हे सगळं सांगितलं. ते सांगताना लक्षात आलं की लिहूनही ठेवायला हवं.